पंखाखालची काळी फीत

१

आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर एरवी मोर्चे असायचे. ते दिवसच तसे होते. द्वैभाषिक राज्याच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय संपादकांना अग्रलेख सुचत नसे. पण त्या गुरुवारी पहिल्या पानावर विमान होतं, चार कॉलम रुंद, आणि वर मथळा: ‘हीच ती फीत!’

मी त्याच दैनिकात उपसंपादक. माझ्याकडे बाजारभाव आणि निधनवार्ता. पहिल्या पानावर काय जातं ते मलाही सकाळी चहाबरोबरच कळायचं, आणि कळलं की बहुतेक वेळा चहा कडू लागायचा.

शनिवारी सकाळी मी करी रोडला दत्ताराम केळुसकरच्या खोलीवर बसलो होतो. दत्ताराम पूर्वी पोलीस खात्यात फोटोग्राफर होता. फुटलेल्या तिजोऱ्या, रक्ताळलेले उंबरे, बेवारस प्रेतं, सगळं त्याने निमूटपणे टिपलं. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारानंतर मात्र शवागारातल्या पोरांचे फोटो काढता काढता त्याचा हात थरथरायला लागला, आणि त्याने राजीनामा दिला. तेव्हापासून ज्यांचं कुणी ऐकत नाही अशी माणसं त्याच्याकडे येतात.

त्या दिवशी आली सुंदराबाई गमरे. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली, मिलच्या वाइंडिंग खात्यात काम करणारी. पन्नाशीची, काटक. तिने आमच्याच दैनिकाचं पहिलं पान घडी करून आणलं होतं. मी कुठल्या दैनिकात आहे ते मी तिला सांगितलं नाही.

“दत्तारामभाऊ, भिवा माझा पोरगा,” ती म्हणाली. “विमानदलात मेकॅनिक. सोमवारी त्याचा निकाल हाय. पट्टा उतरवनार, तुरुंगात घालनार. समद्यांचं ठरलंय की तरण्याबांड सायबाला माझ्या पोरानं मारलं.”

हकीकत सगळ्या मुंबईला तोंडपाठ होती. सांताक्रूझच्या बाजूला विमानदलाचा खेळ झाला. हजारो माणसं आकाशाकडे तोंड करून उभी होती. त्यात फ्लाइंग ऑफिसर वसंत नवलकरचं जेट विमान खाली आलं, वळताना एका अंगावर कललं आणि खाडीलगतच्या मिठागरात जाऊन पेटलं. वसंत जागीच गेला.

विमानाच्या पंखाखाली पुढे निघालेली एक बारीक नळी असते. तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून वैमानिकाला आपला वेग कळतो; नळी झाकलेली राहिली तर वेगाचा अंदाज चुकून विमान कोसळू शकतं. विमान उभं असताना नळीत माती, मुंगी जाऊ नये म्हणून तिला कापडी टोपी घालतात, आणि काढायची विसरू नये म्हणून टोपीला हातभर लांब लाल फीत असते. उड्डाणापूर्वी मेकॅनिकने टोपी काढायची, डोक्यावर धरून वैमानिकाला दाखवायची, वैमानिकाने अंगठा वर करायचा. भिवाचं म्हणणं, मी टोपी काढली, साहेबांना दाखवली, साहेबांनी अंगठा दाखवला. पण अंगठा दाखवणारा राखेत मिळाला होता. आणि खेळानंतर मोजदाद झाली तेव्हा भिवाच्या पेटीत एक टोपी कमी भरली.

त्यावर हा फोटो. दत्तारामने तो खिडकीशी नेला. मीही मान लांब केली. आकाश जवळजवळ काळं, त्याखाली चंदेरी विमान झळाळतंय, उड्डाणासाठी निघालेलं. मागे हँगरची चुन्याने रंगवलेली भिंत, भिंतीच्या कडेला फिकट, पांढुरकी अशी मोठी गाडी. आणि पंखाखालच्या नळीवरून लोंबणारी फीत, काळीभोर, टोकाला माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली.

“बाई,” दत्ताराम म्हणाला, “फोटोत तर फीत दिसतेय.”

“दिसते ना. मी कुठं नाय म्हनते?” सुंदराबाई म्हणाली. “पन माझा पोरगा खोटं बोलत नाय. काल भेटले त्याला. म्हनाला, आई, कमी पडलेली टोपी कुठं हाय ते मला ठावं हाय, पन मी सांगनार नाय. लई इनवन्या केल्या. तोंडातनं शबुद काढला नाय त्यानं.”

२

तो फोटो काढणारा रघु मयेकर आम्हाला दादरला इराण्याकडे सापडला. पंचविशीचा, गळ्यात कॅमेरा, डोक्यात विमानं. जेटचा आवाज आला की जेवता जेवता ताट सोडून गच्चीवर पळणारा. विमानतळाच्या कुंपणापाशी घिरट्या घालताना पोलिसांनी त्याला दोनदा पकडलं होतं. या खेळाला मात्र त्याला रीतसर पास मिळाला होता.

“काका, फोटो बघितलात ना?” त्याने दत्तारामला विचारलं. “आकाश बघा काय काळं आलंय! लोक विमानाचा फोटो काढतात आणि पांढऱ्या आभाळात पांढरं विमान हरवून बसतात. मी भिंगाला गडद लाल काच लावली. निळं आभाळ काळं पडलं आणि विमान चांदीच्या ताटासारखं उठलं. दिल्लीच्या एका मासिकाने मागवलाय.”

“फोटो काढताना ही फीत दिसली होती तुला?”

रघुने चहा ढवळला. मघाच ढवळून झाला होता. “लक्ष नव्हतं. छाप हातात आल्यावर दिसली.”

“निगेटिव्ह दाखव.”

“ती गिरगावात. माझ्याकडे अंधारखोली नाही. नवलकरांच्या स्टुडिओत धुतो मी. वसंतचे वडील. त्यांनीच मला कॅमेरा धरायला शिकवलं.”

मी दत्तारामकडे बघितलं. त्याने उरलेला चहा तसाच ठेवला आणि उठला.

गिरगावात प्रार्थना समाजाजवळ एका जिन्याखाली ‘नवलकर आर्ट स्टुडिओ’ होता. शोकेसमध्ये मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्या, मुंज झालेले बटू, काठी टेकून बसलेले रावसाहेब. सगळ्यांचे चेहरे तुकतुकीत. देवाने दिलेले वण आणि सुरकुत्या इथे काढून मिळत. ते काम कुशाबाचं. चेहऱ्यांवर हात फिरवण्यात त्याचा जन्म गेला होता, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि तो नुसता पुठ्ठ्यावर फोटो चिकटवत बसायचा.

“त्या दिवसाची निगेटिव्ह ना? हाय की,” कुशाबा म्हणाला. “त्या सांजेला दोन रोल धुतले मी. एक रघुचा, एक मालकांचा. मालक स्मशानात होते, आनि मी हितं त्यांचा रोल धूत होतो. इतकं वंगाळ काम जन्मात केलं नव्हतं.”

तो चाचपडत खणाशी गेला. रघुच्या नावाचं पाकीट काढलं, उलटं केलं, झटकलं. आतून काहीच पडलं नाही.

“कुशाबा, हा खण कोण कोण उघडतं?” दत्तारामने विचारलं.

म्हाताऱ्याने पाकीट पुन्हा खणात ठेवलं, खण नीट लावून घेतला, आणि आमच्याकडे पाठ करून पुठ्ठ्याला खळ लावायला लागला.

३

रविवारी सकाळी आम्ही शिवाजी पार्कला शरच्चंद्र नवलकरांकडे गेलो. समोरच्या मैदानावर संध्याकाळच्या सभेसाठी सुतार व्यासपीठ ठोकत होते. ठोक-ठोक आवाज नवलकरांच्या दिवाणखान्यापर्यंत येत होता, आणि प्रत्येक ठोक्याला त्या वृद्ध गृहस्थांची पापणी लवत होती.

माणूस मोठा सभ्य. धुवट सदरा, मागे वळवलेले पांढरे केस. त्यांनी आम्हाला बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी दिलं. पत्नी पूर्वीच गेलेल्या, वसंत एकुलता एक. भिंतीवर त्याचा गणवेशातला फोटो होता, ताज्या झेंडूच्या हारात. फ्रेमखालच्या खुंटीवर त्याच्या आठवणी टांगल्या होत्या: कॉलेजातलं क्रिकेटचं पदक, चामड्याचे हातमोजे, कसलीशी विटकी तांबडी फीत, लहानपणचं चाक तुटलेलं पत्र्याचं विमान. तसला कोपरा बघितला की मला गप्प बसावंसं वाटतं. निधनवार्ता छापून छापून माणूस निगरगट्ट होतो असं लोक म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही.

“रघुची निगेटिव्ह गहाळ झाली आहे,” दत्ताराम म्हणाला.

“ऐकलं मी. स्टुडिओत हल्ली कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो. कुशाबाला दिसत नाही, मी फिरकत नाही.”

“तुम्ही त्या दिवशी तिथे होतात.”

“होतो. वैमानिकांच्या वडिलांना धावपट्टीच्या टोकापर्यंत जायची परवानगी होती.”

“फोटो काढलेत?”

“एकही नाही.” नवलकर शांतपणे म्हणाले. “मी विमानांचे फोटो काढत नाही, केळुसकर. लोखंडाला काय चेहरा असतो? मी जन्मभर माणसांचे चेहरे काढले.”

एकही फोटो काढला नाही, तर कुशाबाने धुतलेला दुसरा रोल कुणाचा? पण दत्तारामने ते विचारलं नाही. विचारलं भलतंच. “भिवा गमरेबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

“त्या मुलाचा मला राग नाही,” ते म्हणाले. “त्याने चूक केली, त्याची शिक्षा तो भोगेल. वसंत त्याच्याबद्दल चांगलं बोलायचा. त्या समाजातली मुलं आता पुढे येताहेत, चांगलंच आहे. पण जबाबदारीची सवय व्हायला एखादी पिढी जावी लागते.”

हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की क्षणभर मी मानही हलवली. मग मला माझी शिसारी आली. बाहेर पडल्यावर मी रस्त्यावरच थुंकलो, आणि सकाळी फिरायला आलेले एक पेन्शनर माझ्याकडे रागाने बघत गेले.

४

सुंदराबाईची खोली बीडीडी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. दीक्षा घेतल्यापासून देव्हारा गेला होता, त्या जागी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. कोपऱ्यात हाताने चालवायचं शिलाई मशीन, आणि त्यावर तांबड्या कापडाची चळत.

“हे काय शिवता?” दत्तारामने विचारलं.

“भिवाच्या टोप्यांच्या फिती. सरकारी फिती उन्हानं इटल्या, फाटल्या. नव्या मागितल्या तर सालभर येत नाईत. भिवा म्हनाला, आई, फीत दिसली नाय तर मानूस मरंल. मग मी जुन्या उसवल्या आनि समद्या नव्या लावून दिल्या.” तिने एक तयार फीत पुढे केली. “ही घ्या. दोन बाजूंनी दुमडून टोक काढते मी, पताकेसारखं. धागा सुटत नाय.”

दत्तारामने फीत हातात घेतली. टोक निमुळतं होतं, दुहेरी टीप घातलेलं. त्याने खिशातून रघुकडून घेतलेला मोठा छाप काढला आणि जमिनीवर ठेवला. फोटोतली फीत माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली.

“सगळ्या फिती बदलल्या होत्या?”

“समद्या. एक टोपी तेवढी हाती लागली नाय, ती आधीच कुठंतरी गेली व्हती. जी कमी पडली म्हनतात ना, तीच. तिला जुनी सरकारी फीत व्हती. शेपटीवानी कापलेली.”

मी सावरून बसलो. तिला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. ती छापावर वाकून बघत होती. तिने हा फोटो वर्तमानपत्राच्या कागदावर बघितला होता, इतका मोठा आणि स्वच्छ पहिल्यांदाच.

“ह्या गाडीच्या सावलीत बसले व्हते मी,” ती भिंतीच्या कडेच्या पांढुरक्या गाडीवर बोट ठेवून म्हणाली. “भिवानं पास दिला व्हता. ऊन लई. तिथला शिपाई म्हनाला, मावशे, बंबाला टेकू नको, रंग ताजा हाय. तरी माझ्या लुगड्याला लागलाच.”

“बंब?” दत्ताराम म्हणाला.

“आगीचा बंब वो. लालभडक.”

तिने खुंटीवरचं लुगडं काढून दाखवलं. पदराच्या मागे तांबड्या रंगाचा पट्टा उमटला होता.

दत्ताराम बराच वेळ त्या पट्ट्याकडे आणि फोटोतल्या पांढुरक्या गाडीकडे आळीपाळीने बघत राहिला. मग सुंदराबाईला म्हणाला, “बाई, संध्याकाळी तयार राहा. शिवाजी पार्कला जायचंय.”

५

आधी आम्ही रघुला गाठलं. दत्तारामने त्याला लालबागच्या रस्त्यावरच, भिंतीवर रंगवलेल्या ‘झालाच पाहिजे’च्या घोषणेखाली उभा केला.

“तू लाल काच लावली होतीस,” दत्ताराम म्हणाला. “लाल काचेतून निळं काळं पडतं. आणि लाल कसं दिसतं?”

रघु कॅमेऱ्याचा पट्टा चाळवत राहिला.

“मीच सांगतो. लाल पांढरं पडतं. तो लालभडक बंब तुझ्या फोटोत पांढुरका आलाय. मग त्याच्या शेजारची लालभडक फीत काळी कशी येईल? मेल्या, आली असती तर चुन्याच्या भिंतीवर पांढऱ्यात पांढरी मिसळून गेली असती. कुणाच्या बापाला दिसली नसती!”

मला अजून अर्थबोध होत नव्हता. “म्हणजे फीत रंगवली?”

“खरवडली. निगेटिव्हवर सुरीने खरवडलं की छापात काळं उमटतं. रिटचिंगचं काम. म्हणून तर निगेटिव्ह गायब केली. कागदावर फसवता येतं, पण निगेटिव्ह उजेडात तिरकी धरली की ओरखडे दिसतात. आता विचार कर सीताराम, लाल फीत म्हणून काळी रेघ कोण काढील? रघु काढणार नाही, आपण कुठली काच लावली ते त्याला ठाऊक आहे. काढील तो जुन्या स्टुडिओतला माणूस. जुन्या फिल्मला तांबडं दिसतच नसे. नवरीचं कुंकू फोटोत काळं यायचं, शालू काळा यायचा. ज्याने जन्मभर नवऱ्यांचे फोटो काढले त्याच्या हाताला एकच माहीत, तांबडं म्हणजे काळं.”

“कुशाबा?” मी म्हटलं.

“त्याला पुठ्ठ्याची कड दिसत नाही, तो केसाएवढं कोरीवकाम काय करणार? शिवाय शेपटीसारखी फीत त्याने कुठे बघितली? भिवाच्या सगळ्या फिती निमुळत्या होत्या. दुभंगलेली एकच उरली होती, हरवलेल्या टोपीची. ज्याने फोटोत फीत कोरली त्याच्या डोळ्यांसमोर ती टोपी टांगलेली होती.”

मला खुंटी आठवली. पदक, हातमोजे, पत्र्याचं विमान, आणि विटकी तांबडी फीत.

दत्तारामने रघुची कॉलर धरली नव्हती, पण रघु तसा उभा होता खरा. “आता खरा सांग,” दत्ताराम हळू आवाजात, गावच्या मालवणीत म्हणाला. “तुका ह्या कधी कळला?”

“छाप बघितला तेव्हाच,” रघु म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “बंब पांढरो नि फीत काळी. पण काका, पहिल्या पानावर माझा नाव इला. पहिल्यांदाच. माका वाटला, कोण बघतलो एवढा?”

दत्तारामने त्याच्या गळ्यातला कॅमेरा सरळ केला, जसा शाळेत जाणाऱ्या पोराचा करावा, आणि चालू लागला. रघुला त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

६

संध्याकाळी मैदानावर सभा रंगात आली होती. कर्ण्यांतून हुतात्म्यांची नावं घेतली जात होती. नवलकरांनी दार उघडलं, आमच्यामागे सुंदराबाईला बघितलं आणि ती कोण हे त्यांना न सांगताच कळलं.

दत्ताराम सरळ भिंतीपाशी गेला आणि त्याने खुंटीवरून फीत काढली. तिच्या दुसऱ्या टोकाला कापडी टोपी होती.

“वसंतने आणून दिली?”

“महिन्यापूर्वी,” नवलकर म्हणाले. “पहिल्यांदा जेट उडवलं त्याची आठवण म्हणून.”

“भिवाच्या पेटीत हीच कमी पडली. आणि तुम्ही बघून कोरलीत तीही हीच.” दत्तारामने बंब, लाल काच, कुंकू, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. नवलकरांनी ते एखाद्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर द्यावं तसं ऐकलं.

“लाल काच,” ते पुटपुटले. “आकाश काळं होतं. मला दिसायला हवं होतं. पण हाताने केलं ते, केळुसकर. डोकं जागेवर नव्हतं.”

“का केलंत? कुशाबाने त्या संध्याकाळी तुमचाही रोल धुतला. त्यात काय आहे?”

नवलकर आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक मोठा फोटो होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले.

मी जन्मात असा फोटो बघितला नाही. विमान कललेलं, इतकं खाली की पंख आणि पंखाची सावली एकमेकांना भेटायला आलेली. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेतून वसंतचा चेहरा दिसत होता. तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. आणि पंखाखालची नळी उघडी होती, टोपी नाही, फीत नाही.

“सकाळी निघताना म्हणाला, बाबा, माझा फोटो काढणार ना?” नवलकर म्हणाले. “मी म्हटलं, विमानांचे फोटो रस्त्यावरचं पोरही काढतं. तुझा चेहरा दिसला पाहिजे. चेहरा दिसेल इतका खाली ये, तर काढतो. तो हसला. म्हणाला, धावपट्टीच्या टोकाला उभे राहा.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “तिसऱ्या दिवशी एक अधिकारी आले. म्हणाले, चौकशीत बहुधा असं निघेल की तो हुकूम मोडून खाली आला. बेशिस्त. माझा वसंत बेशिस्त! त्याच दुपारी मी स्टुडिओत गेलो. रघुच्या निगेटिव्हवर ती नळी दिसली. नुसती एक रेघ ओढायची होती.”

“त्या रेघेच्या टोकाला एक माणूस होता,” मी बोलून गेलो.

“तो मला दिसला नाही,” नवलकर म्हणाले. “खरं सांगतो. फोटोत तो नव्हता.”

दत्ताराम म्हणाला, “हा फोटो उद्या चौकशीपुढे जायला हवा.”

“त्यात माझा मुलगा दोषी ठरेल.”

“ठरेल.”

“मग मी तो देणार नाही.” त्यांनी फोटोवर दोन्ही हात ठेवले. “माझ्याकडे त्याचं एवढंच उरलंय. निगेटिव्ह मी जाळली, रघुची आणि ही पण. हा एकच छाप आहे. तुम्ही हिसकावून घ्या, नाहीतर जा.”

तोवर सुंदराबाई दाराशीच उभी होती. ती पुढे आली. तिने दत्तारामच्या हातातली ती विटकी फीत घेतली, बोटाने तिचं टोक चाचपलं.

“भिवाला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “टोपी सायबानं नेली ते. एवढं सांगितलं असतं तर अर्धा आरोप तिथंच गळला असता. पन सांगितलं नाय त्यानं. मेलेल्या सायबावर चोरीचा आळ कसा घालायचा, म्हनून गप बसला.” ती नवलकरांकडे वळली. “तुमच्या पोराचं नाव सांभाळायला माझा पोरगा तुरुंगात जायला निघालाय. तुमी एक फोटू देत नाय.”

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. नवलकरांचे हात हळूहळू फोटोवरून सरकले. दत्तारामने फोटो उचलला, मागे दोन शब्द लिहून घेतले, त्यांची सही घेतली आणि आम्ही निघालो.

भिवा सुटला. पण सुटण्याचेही प्रकार असतात. ‘पुराव्याअभावी’ असा शेरा पडला, आणि त्याची बदली विमानांपासून दूर कोठीखात्यात झाली. वसंत नवलकर बेशिस्त ठरला, तेही बंद दाराआड. मी संपादकांपुढे उभा राहून सांगितलं की पहिल्या पानावर आरोप छापला, तर सुटकाही पहिल्या पानावर छापा. ते म्हणाले, “सीताराम, इथे राज्य मिळवायचंय. तुझ्या मेकॅनिकला जागा कुठून आणू?” शेवटी ती बातमी माझ्या पानावर गेली, निधनवार्तांच्या खाली, बोटभर. मोठं राज्य मागणाऱ्यांची मनं किती अरुंद असतात ते मी त्या दिवशी बघितलं. मोर्चात मात्र मी पुढेही जात राहिलो. राज्य तर हवंच होतं.

भिवा रजेवर घरी आला तेव्हा दत्ताराम आणि मी चाळीत गेलो होतो. आम्ही बसलेलो असतानाच शरच्चंद्र नवलकर तीन मजले चढून आले. धापा टाकत दारात उभे राहिले. भिवा चटकन उठला, सावधानच्या पवित्र्यात ताठ झाला. साहेबांचे वडील होते ना.

“बाई,” नवलकर हात जोडून म्हणाले, “मला माफ करा.”

सुंदराबाईने मशीनचं चाक थांबवलं.

“तुमचा पोरगा गेला तवा ह्या खोलीत दोन दिस चूल पेटली नाय,” ती म्हणाली. “माझ्या पोराचा सायेब म्हनून मी रडले त्याच्यासाठी. मोठ्यानं रडले, समद्या चाळीनं ऐकलं. मी हितं तुमच्या पोरासाठी रडत व्हते आनि तिसऱ्या दिशी तुमी तिथं माझ्या पोराचा गळा कापत बसला. माफीचं मला काय कळत नाय, सायेब. माझं ते रडनं तेवढं परत द्या.”

नवलकर जोडलेले हात तसेच धरून उभे राहिले. भिवाने एक पाट पुढे सरकवला, पण आईने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने तो पुन्हा भिंतीला टेकवून ठेवला.